ॲलॉयशियसची तहान

"झाडं जगवणं म्हणजे काय मोठीशी गोष्ट आहे, मार्गारेटबाय? चौतीस वर्षं मी झाडांतच काढलीत!"

लहूने हे छातीवर हात ठेवून सांगितलं. आत पोळ्या लाटणाऱ्या तुळसाचं लाटणं क्षणभर थांबलं.

"मेलेल्या झाडांत!" ती आतूनच म्हणाली.

बोलणं खोटं नव्हतं. लहू रे रोडच्या लाकडाच्या वखारीत चौतीस वर्षं ओंडके मोजून निवृत्त झालेला. सागाच्या फळीवर नुसती बोटं टकटकवून तो आतली कूज सांगायचा. पण पान फुटलेलं झाड त्याच्या हाताखालून कधी गेलं नव्हतं. हे मार्गारेटबायलाही ठाऊक होतं, पण तिला दुसरा इलाज नव्हता. तिची लेक रोशेल कॅनडात बाळंत व्हायची होती, विमान परवावर आलं होतं आणि गॅलरीच्या टोकाला जुन्या बाकावर अकरा कुंड्या होत्या.

गिरगावातल्या त्या आनंदाश्रम चाळीत बावीस बिऱ्हाडं. पहिल्या मजल्यावर शेवटच्या दोन खोल्या, एक लहू-तुळसाची आणि एक मार्गारेटबायची. तिचा नवरा ॲलॉयशियस जहाजावर फिटर होता. लोक परदेशातून सेंट आणतात, घड्याळं आणतात. हा प्रत्येक बंदरातून एक काटेरी झाड आणायचा! कुठलं चेंडूसारखं गोल, कुठलं काकडीसारखं उभं, कुठल्याची पानं अशी गुबगुबीत की चिमटा काढावासा वाटावा. आणि सगळ्यांत मधोमध बसलेला तो म्हातारा. वीतभर उंच आणि नखशिखांत पांढऱ्या लांब केसांचा निवडुंग. थेट ॲलॉयशियसची दाढी! दोन वर्षांपूर्वी ॲलॉयशियस गेला, तेव्हापासून मार्गारेटबाय रोज सकाळी दार उघडून त्या म्हाताऱ्याला "गुड मॉर्निंग, मॅन" म्हणायची आणि मगच चहा ठेवायची.

"ऐक, लहू," त्याला कुंड्यांपाशी नेऊन ती हळूच म्हणाली. "बाकीच्यांचं काय व्हायचं ते होऊ दे. पण हा मला परत दिसला पाहिजे. नियम एकच आहे. पावसाळा संपेपर्यंत पाणी नाही. एक थेंब नाही! हवेत आहे तेवढी ओल त्यांना पुरते. सुकलेले दिसतील, सुरकुततील, तुला दया येईल. दया करायची नाही. ॲलॉयशियसचं हेच गुपित होतं."

"गुपित माझ्यापाशी राहिलं, बाय," लहू म्हणाला.

तो शब्दाला जागला. इतका जागला की ते गुपित त्याने बायकोलाही सांगितलं नाही! आणि मंडळी, पुढचं सगळं रामायण झालं ते इथूनच.

कुणी विचारलंच, "काय हो लहूभाऊ, या झाडांना पाणीबिणी घालत नाही का?", तर लहू डोळे मिटून हसायचा. "त्यात एक शास्त्र आहे." बस, एवढंच. वखारीत त्याला कुणी शास्त्र विचारलं नव्हतं. आता उतारवयात हाताला लागलं होतं, ते असं फुकट वाटून टाकायला त्याचं मन होईना. तुळसाने विचारलं तर म्हणाला, "ते माझं खातं आहे. तू हात लावू नकोस." चाळीला दिसायचं ते एवढंच, की बाहेर आषाढ कोसळतोय, पत्र्यावरच्या शेवाळालासुद्धा बाळसं आलंय, आणि छपराखाली बिचारी अकरा झाडं कोरडी ठणठणीत बसलीयत. आणि लहू त्यांच्यासमोर खुर्ची टाकून चहा पितोय!

आता दत्तारामबुवांबद्दल सांगायला हवं. चाळीच्या चौकात विठोबाचं लहानसं देऊळ आहे. तिथं चातुर्मासात दर एकादशीला दत्तारामबुवांचं कीर्तन असतं. बुवांचा आवाज असा, की पहिल्या जयघोषाला तिसऱ्या मजल्यावरचे टीव्ही आपोआप बंद होतात. लहू त्यांचा जुना टाळकरी. बुवा दरवर्षी आषाढीला श्रोत्यांना एक नेम घालून देत आणि त्याआधी सवयीने लहूला विचारत.

"लहू, यंदा नेम कशाचा द्यावा?"

लहूच्या डोक्यात तेव्हा झाडांशिवाय दुसरं काय असणार? "झाडांवर घ्या, बुवा!" तो म्हणाला. "झाडांवर कुणी बोलतच नाही."

बुवांनी घेतलं. आणि काय घेतलं! एका माळ्याचं आख्यान लावलं. त्या माळ्याच्या दारात देव एकदा सुकलेल्या रोपट्याच्या रूपाने येऊन उभा राहतो. माळी रोज शेजारून जातो, घाईत असतो, बघत नाही. "अरे, देव भाकरी मागायला येतो तेव्हा हाक तरी मारतो!" बुवा वीणा छातीशी धरून म्हणाले. "पण तहान लागली की तो नुसता उभा राहतो. बोलत नाही. सुकत जातो." शेवटी माळ्याची म्हातारी आई स्वतःच्या पिण्याचा तांब्या त्या रोपट्याला घालते. त्या जागेवर बुवांनी आवाज असा खाली आणला की बायकांचे पदर डोळ्यांना गेले. लहूच्या टाळाचा ठेका चुकला. तोही रडत होता.

"तर यंदाचा नेम," बुवा म्हणाले, "सकाळी आपल्या घशाखाली चहाचा घोट जाण्याआधी एका तहानलेल्या झाडाला एक तांब्या पाणी. आणि कुणाला सांगायचं नाही! सांगितलंत की पुण्य गेलं."

"पुंडलिक वरदेऽऽ!" लहू सगळ्यांत मोठ्याने ओरडला.

आता तुम्हीच विचार करा. ऐन पावसाळ्यात गिरगावात तहानलेलं झाड शोधायचं कुठं? चौकातलं तुळशीवृंदावन गळ्याएवढ्या पाण्यात. गच्चीवरचा कढीपत्ता गटांगळ्या खातोय. अख्ख्या चाळीत सुकलेली, बोलत नसलेली, नुसती उभी असलेली झाडं होती ती फक्त अकरा!

दुसऱ्या दिवशी पहाटे लहू नेहमीप्रमाणे साडेपाचला टाळ घेऊन देवळात काकडआरतीला गेला. तिथून यायला त्याला साडेसहा व्हायचे. तोवर इकडे काय काय होत होतं, ते त्याच्या स्वप्नातही आलं नाही.

पहिला महिना मोठ्या सुखाचा गेला. झाडं टवटवीत झाली, अंगाने भरली. लहू दर रविवारी फोटो काढून कॅनडाला पाठवायचा. रोशेलला मुलगी झाली, नाव मेगन. त्या गडबडीतही मार्गारेटबायने फोटो नीट पाहिला.

"लहू, हे एवढे जाड का दिसतात?"

"हवा मानवली, बाय!"

"आणि म्हातारा वाकलाय का जरा?"

"तुम्हाला नमस्कार करतोय!"

श्रावणाच्या दुसऱ्या सोमवारी तो चेंडूसारखा गोल निवडुंग बसला. बसला म्हणजे अक्षरशः बसला! सकाळी होता लाडू, संध्याकाळी झालं थालीपीठ. लहूने बोट लावलं तर ते पिकल्या चिकूत जावं तसं आत गेलं. माती हातात घेतली आणि पिळली. हो, पिळली. पाणी गळलं!

एक थेंब घातला नव्हता, मग हे आलं कुठून?

"हवा!" त्याने ठरवलं. "हवेतली ओल वाढलीय."

मग हवेशी युद्ध सुरू झालं. लहूने टेबलफॅन बाहेर आणून झाडांवर लावला. माती बदलून विटांचे तुकडे आणि वाळू भरली. छपरातून तुषार येतात म्हणून बाकावर आपला जुना रेनकोट टांगला. शंभर वॉटचा दिवा लटकवला. तुळसा रात्री ओले कपडे त्या पंख्यासमोर आणून वाळत घालू लागली, तेव्हा मोठं भांडण झालं.

"अगं, तुझ्या परकराची ओल त्या म्हाताऱ्याला लागतेय!"

"माझा परकर वाळत नाही तिथं तुमची झाडं काय वाळणार?"

आणि चाळीने बघितलं ते असं, की आधीच तहानेने व्याकूळ झालेल्या झाडांवर या माणसाने आता पंखा सोडला, वर दिवा पेटवला! माणूस आहे का कोण? दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाने मनाशीच ठरवलं, एक तांब्या पुरायचा नाही. दोन घालू.

नव्या वाळूतूनही पाणी गळू लागलं. एकापाठोपाठ पाच झाडं गेली. लहूचं जेवण गेलं, कॅनडाला फोटो पाठवणंही बंद झालं. पोथी वाचायला बसला की अक्षरांतून काटे दिसायचे. तो बुवांकडे धावला.

"बुवा, कुंडीतून झरा फुटतोय! मी डोळ्यांनी पाहिलं. पाणी घालत नाही आणि पाणी येतं!"

बुवा विचारात पडले. "रोज?"

"रोज. काकडआरतीहून आलं की ताजं असतं."

बुवा चमत्कारावर गाणारे गृहस्थ, पण पाण्याचं बिल भरणारेही.

"लहू, उद्या काकडआरतीला येऊ नकोस."

"बुवा! अहो, अकरा वर्षांत खाडा नाही माझा!"

"पांडुरंगाला मी सांगतो. तू झऱ्यापाशी बस."

मार्गारेटबायच्या खोलीची किल्ली लहूकडेच होती. दुसऱ्या दिवशी साडेपाच वाजता तो टाळ घेऊन निघाल्यासारखं दाखवून तिच्या खोलीत शिरला आणि खिडकीच्या फटीला डोळा लावून बसला. खाली देवळात टाळ सुरू झाले. त्याचे हात आपोआप मांडीवर ठेका धरू लागले.

जिन्यावर पाऊल वाजलं. तिसऱ्या मजल्यावरच्या शांताकाकू! वय पंचाहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. कठडा धरून एकेक पायरी उतरत आल्या, हातात तांब्या. म्हाताऱ्यापाशी थांबल्या, दम घेतला आणि धार धरली.

"पी रे बाबा, पी," त्या मालवणीत पुटपुटल्या. "त्या लहूक अक्कल नाय!"

लहू आत खिळून गेला. काकू वळतात न वळतात तोच व्यायामशाळेत जाणारा कल्पेश आला. त्याने बाटलीतलं प्रोटीन घातलेलं दूध चार कुंड्यांत समान वाटलं. "खा भावांनो, बॉडी बनवा!" मग नम्रता आली. काल तिच्याकडे सत्यनारायण होता, त्याचं तीर्थ ती उरवून घेऊन आली होती. त्यात तुळशीचं पान, दही, साखर सगळं. मग तळमजल्यावरचे, मग दुसऱ्या मजल्यावरचे. प्रत्येकजण आधी इकडेतिकडे बघणार, पाणी घालणार आणि चोरासारखा पळणार. कुणी म्हाताऱ्याच्या कपाळावर बुक्का लावला. कुणी त्याची दाढी बोटांनी विंचरली. वीस तांब्ये लहूने मोजले. घामाने त्याची बंडी भिजली. बाहेर पडून ओरडावं, तर ओरडणार कुणावर? प्रत्येकाच्या तोंडावर तो भाव होता, जो कीर्तनात त्या माळ्याच्या आईचा प्रसंग येताच उमटला होता.

साडेसहाला पाच मिनिटं असताना एकविसावा तांब्या आला. त्यातून वाफ निघत होती.

लहूने दार उघडलं. "तुळसा!"

ती दचकली, पण तांब्या सोडला नाही. "कोमट आहे," ती म्हणाली. "रात्रभर पंख्यासमोर गारठला असेल."

"अगं, पाणी घालायचं नाही त्यांना! मरतात त्याने! बायने बजावून सांगितलं होतं!"

"मग मला का नाही सांगितलं?"

लहू नुसताच म्हणाला, "मी म्हटलं होतं हात लावू नकोस."

"कसा लावू नको?" तुळसा म्हणाली. "नव्या लायनीच्या वेळी आपल्या नळाला तीन महिने थेंब नव्हता, आठवतं? रोज पहाटे आपल्या दारात दोन कळश्या भरून कोण ठेवायचं? कधी हाक मारली नाही, कधी बोलून दाखवलं नाही. ती दाढी बघितली की मला तोच आठवतो. त्याला तहानलेला ठेवून मी चहा प्यायचा?"

लहूने तिच्या हातातला तांब्या घेतला आणि कठड्याशी टेकून उभा राहिला. खालून आरतीचा शेवट ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "मीही त्या कळश्या विसरलो नव्हतो गं. म्हणूनच तर घातलं नाही."

फटीतून पाहिलेलं सगळं, शांताकाकूंच्या पुटपुटण्यासकट, त्याने तिला सांगितलं. मग दोघांनी मिळून म्हाताऱ्याला कुंडीतून उचललं. वर दाढी पांढरीशुभ्र होती, पण केस बाजूला सारले तर बुंधा काळा, मऊ, ओलाकच्च. लहूने सवयीने बोटं टकटकवली. खाली आवाज मेलेला. जरा वर, मेलेला. आणखी वर, टोकाशी, आवाज बारीक पण भरीव आला.

चौतीस वर्षांत पहिल्यांदाच त्या बोटांना एवढी भीती वाटत होती. "विळी आण," तो म्हणाला.

कुजलेल्या ओंडक्याचं चांगलं लाकूड येईपर्यंत कापत जायचं, हे वखारीतलं शास्त्र. लहू एकेक चकती कापत गेला. काळी, काळी, तपकिरी, पिवळट. "बास की हो, संपेल तो!" तुळसा म्हणाली. आणखी एक चकती. मग आतून दुधी भोपळ्यासारखा स्वच्छ हिरवा-पांढरा गर दिसला. हातात उरला होता अंगठ्याएवढा तुकडा, पण दाढी पूर्ण! तुळसाने जखमेवर हळद दाबली.

आता हे ठेवायचं कुठं? जखम वाळायला कोरडी जागा पाहिजे आणि भाद्रपद तोंडावर आलेला. पोळीच्या डब्यालासुद्धा घाम फुटत होता. घरात अशी एकच जागा होती, जिथं सकाळ-संध्याकाळ समई तेवायची. लहूने तुळसाकडे पाहिलं. तुळसाने देव्हाऱ्यात विठोबाला थोडं डावीकडे सरकवलं.

पुढच्या एकादशीपर्यंत बाकीची झाडंही बसली. त्या दिवशी लहूने बुवांची परवानगी घेऊन आख्यानाआधी उभं राहून सगळं सांगितलं. दोष कुणाला दिला नाही. "गुपित माझ्याकडं होतं आणि पुण्य तुम्हाला हवं होतं. त्यात बिचारी दहा झाडं गेली," एवढंच म्हणाला. मग कल्पेश कुजबुजला, "म्हणजे मी एकटा नव्हतो?" आणि एकवीस बिऱ्हाडं एकमेकांकडे बघायला लागली.

"पण मग आमच्या नेमाचा काय?" शांताकाकूंनी विचारलं. "कार्तिकीपर्यंत सोडूचो नाय!"

प्रश्न रास्त होता. लहूने अकराही रिकाम्या कुंड्यांत अळूचे कांदे लावले. म्हटलं, घाला आता हवं तेवढं पाणी!

दसरा झाला आणि मार्गारेटबाय आली. टॅक्सीतून उतरून जिना चढली, गॅलरीत वळली आणि जागीच थांबली. जिथं वाळवंट ठेवून गेली होती तिथं जंगल होतं! हत्तीच्या कानाएवढी पानं कठड्यावरून खाली लोंबत होती.

"लहू," ती म्हणाली, "माझा म्हातारा केवढा झाला रे!"

लहू चार दिवस पाठ केलेलं वाक्य विसरला. तो नुसता हात जोडून उभा राहिला. मग तुळसाने तिला हाताला धरून आत नेलं आणि देव्हाऱ्यासमोर आणलं. विठोबाच्या उजव्या हाताला, वाटीतल्या वाळूवर, अंगठ्याएवढा ॲलॉयशियस बसला होता. बुडाला हळद, कपाळाला बुक्का, समोर खडीसाखर.

मार्गारेटबाय वाटीवर वाकली. लहूने डोळे मिटून घेतले. एक हुंदका ऐकू आला, मग दुसरा, आणि मग त्याला कळलं की ती हसतेय.

"बेचाळीस वर्षं!" ती डोळे पुसत म्हणाली. "बेचाळीस वर्षं मी या माणसाला रविवारी चर्चला ओढायचे. गुडघा दुखतो, पोट दुखतं, गेला म्हणून नाही! आणि इथं बघ, पुढच्या रांगेत बसलाय!"

"बाय, बाकीची दहा..." लहू कसाबसा म्हणाला. "पाणी. सगळ्यांनी मिळून. दया आली त्यांना."

मार्गारेटबाय पाटावर बसली. "दार लोटून घे," ती म्हणाली. "सांगते. दर पावसाळ्यात पाच-सहा मरायचीच. ॲलॉयशियस म्हणायचा, मुंबईची हवाच वाईट. शेवटपर्यंत तसंच समजत होता बिचारा." तिने आवाज आणखी खाली आणला. "तो बोटीवर असला की मी घालायचे. चोरून. इतके तहानलेले दिसायचे रे!"

तिने तो तुकडा दोन बोटांत अलगद उचलला आणि डोळ्यांजवळ नेला. हळदीच्या पापुद्र्यातून केसाएवढं पांढरं मूळ बाहेर डोकावत होतं. तिने तो परत वाटीत ठेवला.

"राहू दे इथंच, मूळ धरेपर्यंत. माझ्याकडं नको. माझा माझ्यावर भरवसा नाही. तुझ्यावर आहे, लहू. तू एकटाच असा, ज्याने पाणी घातलं नाही!"

त्या कौतुकाने लहू त्या दिवशी अळूवडीसारखा फुगला. चाळीत तीनदा फिरून आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे टाळ घ्यायला उठला. देवापुढचं तीर्थ घ्यायला पळी हातात घेतली आणि त्याची नजर वाटीकडे गेली. समईच्या उजेडात तो एवढासा जीव. सुकलेला. बोलत नव्हता. नुसता उभा होता. लहूने मागे पाहिलं. तुळसा भिंतीकडे तोंड करून झोपली होती. एक पळी, तो मनाशी म्हणाला. पळी कसली, अर्धीच. त्याचा हात हळूहळू वाटीकडे सरकला.

"पी रे बाबा, पी," अंथरुणातून आवाज आला, थेट शांताकाकूंच्या सुरात. "त्या लहूक अक्कल नाय!"

लहूने ते तीर्थ मुकाट्याने स्वतःच पिऊन टाकलं, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि टाळ विसरून काकडआरतीला गेला.